कोकणात घरच्या इंटरनेटसाठी कोणता मोडेम घेतलात? अनुभव लिहा

मंडळी, दिवाळीनंतर घरून काम करायला गावी, गुहागरला राहायचं ठरतंय. घर चिऱ्याचं, भिंती दीड फुटी, भोवती माड-पोफळी. दुकानात मोडेम मागितला तर दुकानदाराने उलट विचारलं, "लाईन कसली?" तिथेच माझी दांडी गुल. ज्यांनी पैसे घालवून शहाणपण घेतलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा. जाहिरातीतला स्पीड नको, आषाढातला सांगा.

देवगडहून
दुकानदाराचा प्रश्न बरोबर आहे. लाईन बदलली की मोडेम बदलतो. आमच्याकडे आधी टेलिफोनची तांब्याची तार, त्यामुळे एडीएसएल मोडेम. एडीएसएल2+ चा कागदावरचा आकडा 24 एमबीपीएस. पण एक्स्चेंजपासून तार जितकी लांब तितका स्पीड कमी, आणि आमची तार सगळी वाडी फिरून यायची. 2 मिळाले तरी नारळ फोडावा अशी गत! पाऊस लागला की जोडात पाणी, फोनवर खरखर, की समजायचं, नेट गेलं. वळवाच्या पावसात एकदा मागच्या माडावर वीज पडली. मोडेम उघडून बघितला तर फोनची पिन लागते तिथलं प्लास्टिक काळंठिक्कर, आणि घरभर जळका वास. असे तीन मोडेम गेले. आता फायबर आहे. काचेच्या तंतूतून वीज येत नाही, ही मोठीच सुटका.

रत्नागिरीहून
माझी चूक करू नका. फायबर येणार म्हणून ऑनलाइन सेलमध्ये एक भारी 'मोडेम राउटर' मागवला. तो निघाला एडीएसएलचा. फायबरची पिन लावायला जागाच नाही. परत करून ओएनटी, म्हणजे फायबरचा मोडेम, मागवला, तो जीपॉन पद्धतीचा, आणि आमच्या केबलवाल्याची यंत्रणा ईपॉन या दुसऱ्या पद्धतीची. दिवा काही हिरवा होईना. शिवाय डबा बरोबर असला तरी त्याचा नंबर पलीकडून नोंदवावा लागतो. तेव्हा ओएनटी त्यांच्याकडूनच घ्या, हौस राउटरवर भागवा. आणि फायबरचं हिरवं टोक निळ्या सॉकेटात खुपसू नका. हिरव्याचं तोंड तिरकं घासलेलं असतं, ते नीट टेकत नाही.

मालवणहून
आमच्या सड्यार फायबर येवचा नाय. माका फोरजीचो राउटर घेवचो लागलो, सिमकार्ड घालतत तो. पयलो डोंगल घेतलंय, तो ह्या भिंतींत गपगार. मगे बाहेरचो अँटेना लावूक येता असो राउटर घेतलंय आणि माळ्यार खिडकीत ठेवलंय, टॉवर खाडीपलीकडे दिसता त्या तोंडान. चार हात सरकवलंय तर स्पीड दुप्पट. पण गणपतीत चाकरमानी इले की टॉवर एकच आणि मोबाइल हजार. तेव्हा फक्त मेसेज जातत!

श्रीवर्धनहून
मोडेम कुठलाही घ्या, करंटचं आधी बघा. 3 जून 2020 चं निसर्ग वादळ इथले खांब आडवे करून गेलं. फायबर त्याच खांबांवरून होती, त्यामुळे दिवे आणि नेट बरोबरच गेले. ते सोडा, रोज तासभर लाईट जातेच. बहुतेक ओएनटी 12 व्होल्टवर चालतात, त्यांना छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेण्याआधी अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. आणि फायबरमधून वीज येत नसली तरी अडॅप्टरमधून येते. ढग गडगडले की प्लग काढणे, हे आमच्या आईचं खातं.

वेंगुर्ल्याहून
दीड फुटी चिरा म्हणालात म्हणून लिहितो. 5 गिगाहर्ट्झचं वायफाय आमच्या ओटीतून माजघरापर्यंतच पोचतं, पडवीत शून्य. 2.4 जातं, पण हळू. आम्ही शेवटी कौलाखालून लॅनची वायर नेली आणि पडवीत दुसरा राउटर ठेवला.

गुहागर (धागा काढणारा)
सगळ्यांचे आभार. काल चौकशी केली. फायबर रस्त्याच्या खांबापर्यंत आहे, तिथून घर साधारण दीडशे मीटर. ओएनटी तेच देतील. वायरमन म्हणतो, माडामाडावरून ओढून देतो, काम स्वस्तात होईल.

देवगडहून
माडावरून नको हो. एक झावळ पडली की तुटलीच, आणि त्यातून वाचली तर वानरं झोके घेतात. मीटर बॉक्सशेजारून पाइप पुरून घ्या, चर घरचे खणतील. ओएनटीवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागला की आम्ही आधी माडाखालीच जाऊन बघायचो.