कॉल समेवर द्यावा की समेच्या आधी?

उलटी_गिरकी:
काँट्रा नृत्यात (समोरासमोरच्या रांगांत जोड्यांनी नाचायचे लोकनृत्य) कॉलरने, म्हणजे पुढची हालचाल मोठ्याने सांगणाऱ्याने, समेवर हालचालीचे नाव घेतले तरी पुरते, नाचणाऱ्यांनीच चपळ असावे, असे काल ग्रीनफील्डवारीकर यांनी लिहिले, आणि ते वाचून मला राहवले नाही. आवर्तन ६४ मात्रांचे असते आणि ते जेमतेम अर्ध्या मिनिटात संपते. त्यात बॅलन्सला (जोडीदाराकडे पाऊल टाकून मागे येणे) ४ मात्रा आणि पुढच्या स्विंगला (जोडीने जागीच गरगर फिरणे) १२. समेवर कॉल आला, तर बॅलन्सचा अर्धा वेळ ऐकण्यातच जातो. शब्द आधीच्या तुकड्याच्या शेवटच्या मात्रांतच उच्चारून संपला पाहिजे. गेल्या महिन्यात एका कॉलरने ‘सर्कल राइट’नंतर (हात धरून वर्तुळाने उजवीकडे फिरणे) थेट स्विंग दिला, तोही उशिरा. वर्तुळ घड्याळाच्या उलट आणि स्विंग घड्याळाप्रमाणे! माझा खांदा अजून दुखतो आहे.

ग्रीनफील्डवारीकर:
आपण नाचता की जमाखर्च लिहिता? नृत्य सुरू होण्यापूर्वी एकदा चालून दाखवतात ते कशासाठी? चार-पाच आवर्तनांनंतर चांगला कॉलर गप्पच बसतो आणि फिडल (व्हायोलिन) पुढचे सांगते. उशीर होतो तो जोडीत डावीकडे उभा राहणारा ‘लार्क’ आणि उजवीकडचा ‘रॉबिन’ या नव्या नावांमुळे. ‘जेंट्स’, ‘लेडीज’ सरळ तोंडात येत असे. आता कॉलर अडखळतो आणि सम निघून जाते.

दोन्ही_बाजू:
अडखळतो तो सवयीमुळे, नावामुळे नव्हे. ‘जेंट्स’ एका झटक्यात उच्चारला जातो, ‘लार्क्स’ही तसाच, ‘लेडीज’ला दोन ठोके लागतात, ‘रॉबिन्स’लाही दोनच. मात्रेचाही फरक पडत नाही. माझी आई उन्हाळ्यात आली होती, तिला इंग्रजी बेताचेच येते. ‘लेफ्टचा ल तो लार्क, राइटचा र तो रॉबिन’ एवढे सांगितल्यावर ती संध्याकाळभर चुकली नाही. मी पुरुष असून रॉबिन नाचतो, त्याचा आपल्याला त्रास होत असेल तर तसे स्पष्ट लिहावे.

ग्रीनफील्डवारीकर:
माझ्या तोंडी नसलेले शब्द घालू नयेत. आपल्या मातोश्रींना नमस्कार. माझी मात्र वीस वर्षांची सवय एका संध्याकाळीत जाणार नाही. ठोक्यांचा हिशेब बरोबर आहे, झाले समाधान?

उलटी_गिरकी:
नावांचा वाद आपण दोघे खुशाल चालवा, माझा खांदा त्यात कुठेच नाही.

ग्रीनफील्डवारीकर:
त्या दोन हालचालींच्या मध्ये बॅलन्स असता, तर वेग तिथेच जिरला असता आणि खांदा वाचला असता. ती चूक नृत्य निवडणाऱ्याची, एवढे मान्य करतो. समेचे मात्र नाही.

उलटी_गिरकी:
शनिवारी कॉल आपण देणार आहात ना? मी मंचासमोरच्या पहिल्या जोडीत उभा राहीन, मात्रा मोजत.