मदत हवी आहे: हायवेवर उसाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना

बहिणीला लायसन्स मिळून चार महिने झाले. सातारा ते कराड रोज एकटी गाडी चालवते, साधी गिअरची वॅगनआर. ड्युटी रात्री सुटते, त्यामुळे एसटीचा पर्याय नाही.

२०१८ च्या अधिसूचनेत चौपदरी रस्त्यावर कारला कमाल १०० ची मर्यादा दिली होती, पण तिचा हात ५५-६० लाच स्थिर राहतो. तेवढा वेग डाव्या लेनमध्ये चालून जातो. अडचण गाळप हंगामात. नागठाणे, उंब्रजकडे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे येतो, जेमतेम २०-२५ ने. मागे रिफ्लेक्टर नाही, बाहेर आलेल्या उसाच्या वाढ्यांनी लाल दिवाही झाकलेला. तिला ब्रेक मारून मागे थांबावं लागतं आणि तिथून उजवीकडे निघावं, तर आरशात लांब दिसणारी गाडी क्षणात अंगावर येते. मला फार काळजी वाटते.

रविवारी पहाटे शेजारी बसून सराव करून घेतला, दिवसा जमतं. सर्व्हिस रोड सलग नाही.

अनुभवी चालकांनी सांगावं: ट्रॅक्टरमागे अंतर किती ठेवावं, कोणत्या गिअरमध्ये किती वेग घेऊन लेन बदलावी, आणि रात्री आरशातल्या दिव्यांवरून मागच्या गाडीचा वेग कसा ओळखायचा?