मुक्काम लांबला, मग शहर सोडलंत कसं? अनुभव लिहा

दोन-चार दिवसांच्या ट्रिपला निरोप वगैरे काही नसतो, बॅग भरली की झालं. पण बेताच्या पैशात एखाद्या शहरात अख्खा सीझन काढला, चहावाल्याकडे खातं झालं, भाजीवाली न विचारता कोथिंबीर टाकायला लागली, की निघायच्या दिवशी पाय निघत नाही. असं कुठलं शहर सोडलंत, शेवटचे दिवस कसे गेले, कोणाला भेटून आलात ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

माझं शहर काशी. थंडीभर दुर्गाघाटाजवळ एका मराठी आजींच्या घरी वरच्या मजल्यावर खोली घेऊन राहिले. तो सगळा भाग, ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा, पिढ्यानपिढ्या तिथेच असलेल्या मराठी घरांचा, आजींच्या मराठीतही निम्मी हिंदी. सकाळी कचौडी-जलेबी, दुपारी बऱ्याचदा अन्नपूर्णेच्या अन्नक्षेत्रात जेवण (तिथे पैसे घेत नाहीत, मी जमेल तेव्हा शिधा देऊन यायचे), रात्री आजींकडची खिचडी, एवढ्यात भागायचं. आले तेव्हा कार्तिक होता, पंचगंगेवर उंच बांबूंना टोपल्या टांगून त्यात आकाशदिवे लावलेले, आणि निघायची वेळ आली ती मलइयो बंद व्हायला लागलं तेव्हा. मलइयो म्हणजे दुधाचा फेस, रात्रभर दवात दूध ठेवून करतात, थंडीतच मिळतो आणि ऊन चढलं की संपतो. चौकातला तो विकणारा म्हणाला, बस दीदी, अब अगले साल, आणि तिथेच माझ्या पोटात खड्डा पडला.

शेवटच्या आठवड्यात अस्सीपासून राजघाटापर्यंत सगळे घाट पायी केले. अहिल्याबाई घाट, पुढे मणिकर्णिका, मग शिंदे घाट, भोसले घाट, आपली नावं वाचत वाचत. अहिल्याबाईंनी १७८० मध्ये विश्वनाथाचं मंदिर परत उभं केलं हे शाळेत वाचलेलं असतं, पण रोज त्या गल्ल्यांतून भाजी आणायला जायला लागलं की ते आपल्या घरातल्याच कोणीतरी केल्यासारखं वाटायला लागतं, मला तरी तसंच वाटायचं.

आदल्या रात्री आजींनी विचारलं, "काय सोडलंस गं?" काशीला आलं की आवडीची एक वस्तू सोडायची असते. मी म्हटलं सीताफळ, आणि ते खरंच अजून खात नाही. सकाळी त्यांनी डाख लावून बंद केलेला गंगेचा गडू हातात दिला, "आईला सांग, मावंदं नीट घाल म्हणावं, ब्राह्मण नाही मिळाले तरी चालेल, चार भुकेली माणसं जेवली पाहिजेत." महानगरी एक्सप्रेसमध्ये भुसावळ येईपर्यंत तो गडू मांडीवरून खाली ठेवला नाही.

*

कोलकाता. सडर स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत कॉमन बाथरूमवाली खोली होती आणि मी मदर हाउसला, म्हणजे मदर तेरेसांच्या संस्थेत, स्वयंसेवक म्हणून जायचो. सकाळी प्रार्थना झाली की चहा, पाव आणि केळं, मग प्रत्येकजण नेमून दिलेल्या घरी, कोणी कालीघाटला निर्मल हृदयमध्ये, ते १९५२ साली सुरू झालेलं, कोणी प्रेमदानला. मी प्रेमदानला. काम म्हणजे मुख्यतः कपडे, ढिगाने कपडे, सगळे हाताने धुवायचे, दोघांनी दोन टोकं धरून चादर पिळायची, गच्चीवर वाळत घालायची, मग म्हाताऱ्यांची दाढी, जेवण वाढणं, ज्याला भरवावं लागतं त्याला भरवणं. गुरुवारी सुट्टी.

तिथली पद्धत अशी की ज्याचा शेवटचा दिवस असेल त्याला नाश्त्यानंतर मधे उभं करतात आणि सगळे मिळून त्याच्यासाठी थँक्यूचं गाणं म्हणतात. स्पेनचे, कोरियाचे, जपानचे किती लोक माझ्यासमोर असे उभे राहिले, मी टाळ्या वाजवत गायलोय. माझी पाळी आली तेव्हा मात्र मला वर बघता येईना. आणि गाणं झालं की सुटका नसते बरं का, कपडे धुवायचे असतातच, तेच मला सगळ्यात आवडलं. ज्या आजोबांची दाढी मी करायचो त्यांना हिंदी येत नव्हतं, मला बंगाली येत नव्हतं, पण त्या दिवशी दाढी झाल्यावर त्यांनी माझा हात सोडलाच नाही, जेवणाची घंटा होईपर्यंत मी तसाच बसून राहिलो. अजून आठवलं की गलबलून येतं.

कोणी कोलकाता सोडणार असेल तर एक सांगतो, हावड्याला टॅक्सीने जाऊ नका. बाबूघाटावरून लाँच घ्या, तिकीट अगदी किरकोळ, आणि हुगळीतून जाताना हावडा ब्रिज समोर दिसतो.

*

काठमांडू, खरं तर पाटण. नेवार कुटुंबात खोली होती. निघताना घरच्या आमांनी दह्याचा सगुन केला, कपाळाच्या बाजूला दही लावलं, गळ्यात खादा घातला. आमच्याकडे निघताना हातावर दही देतात हे सांगितल्यावर त्यांनी लगेच हातावरही दिलं. दोन्ही रीती पार पडल्या आणि मी रात्रीच्या बसने सुनौली, तिथून गोरखपूर. उरलेले नेपाळी रुपये शेवटच्या दिवशी आमांच्या नातवाला वह्या-पेन्सिली घेण्यात घालवले, तसाही दर आपल्या १०० ला त्यांचे १६० असा बांधलेलाच आहे, बदलून फार काही पडणार नव्हतं.

*

मी तिबिलिसीचं लिहिते. दुबईतली नोकरी सुटली होती, रेसिडेन्स व्हिसा अजून चालू होता म्हणून जॉर्जियाला वेगळा व्हिसा लागला नाही, साठवलेल्या पैशात जमेल तितकं राहायचं ठरवून गेले. इसानी भागात खोली, खाली तळघरात 'तोने'ची बेकरी, विहिरीसारख्या गोल भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवून शोती पाव भाजतात, एक पाव आणि डेझर्टर बाजारातले टोमॅटो, चीज, की दोन वेळचं काम भागायचं. आपल्याकडची मेडिकलची पोरं तिथे इतकी आहेत की मेट्रोत मराठी ऐकू यायचं, एकदा नांदेडच्या एका मुलीने पोहे करून बोलावलं होतं.

निरोप माणसांचा घेता येतो, कुत्र्याचा कसा घ्यायचा ते मला समजलं नाही. तिथल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या कानाला टॅग असतो, लस दिलेली असते, नसबंदी झालेली असते, आणि अख्खी गल्ली त्यांना सांभाळते. आमच्या दाराशी पिवळ्या टॅगवाली एक म्हातारी कुत्री बसायची, बर्फ पडला की मालकीणबाई तिला जिन्याखाली घ्यायच्या. बेकरीवाल्याला, बाजारातल्या चीजवाल्या बाईंना, सगळ्यांना भेटले, सगळ्यांनी काहीबाही हातात कोंबलं, चुर्चखेला (द्राक्षाच्या रसात बुडवलेल्या अक्रोडांच्या माळा) तर इतक्या मिळाल्या की बॅगेत मावेनात. पण ३३७ नंबरच्या बसने एअरपोर्टला निघाले तेव्हा ती स्टॉपपर्यंत आली आणि बस सुटेपर्यंत बसली. मालकीणबाई अजून अधूनमधून तिचा फोटो पाठवतात.

*

वरचं सगळं वाचून हेवा वाटला कारण मला नीट निघताच आलं नाही. चियांग माईला होतो, ओल्ड सिटीच्या खंदकाच्या आत स्वस्त गेस्टहाउस, रविवारी रात्चदामनोन रोडचा बाजार, शाकाहारींसाठी पिवळ्या 'जे' पाटीची दुकानं, सगळं छान चाललेलं. पण फेब्रुवारीनंतर तिकडे शेतं आणि जंगलं पेटतात, मार्चमध्ये धुराने दोई सुथेपचा डोंगर दिसेनासा झाला, मला दमा आहे, डॉक्टरांनी लगेच खाली जायला सांगितलं. संध्याकाळच्या ट्रेनने बँकॉक. रोज जिच्याकडे खाओ सोय खायचो त्या मावशींचं दुकान त्या दिवशी बंद होतं. आता नोव्हेंबरात यी पेंगच्या, म्हणजे तिथल्या कंदिलांच्या सणाच्या, सुमाराला परत जायचं तिकीट बघतोय, मावशींसाठी नागपूरहून संत्राबर्फी न्यायची आहे. त्या दिवसांत खंदकाच्या आत परवडणारी खोली मिळते का, कोणी राहिलंय का, प्लीज सांगा.