खणण्याआधीची प्रार्थना

सकाळी जमिनीला पाय लावण्याआधी ‘पादस्पर्शं क्षमस्व मे’ म्हणणं हळूहळू निव्वळ सवय होऊन बसतं, असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं. बऱ्याच अंशी पटलं. पण क्षमा मागायची ती फक्त पावलापुरतीच का? अथर्ववेदाच्या बाराव्या कांडात ६३ मंत्रांचं भूमिसूक्त आहे. त्यातला ३५वा मंत्र खणणाऱ्याच्या तोंडी आहे: हे भूमी, तुझं जे मी खणून काढतो ते लवकर पुन्हा उगवो, तुझ्या मर्माला, तुझ्या हृदयाला माझ्या हातून इजा न होवो. मला हा मंत्र फार जवळचा वाटतो. माणसाला घ्यावं तर लागणारच, हे तो मान्य करतो आणि घेताना हात जपायला लावतो.

मी तो बागेत खुरपं हातात घेतल्यावर म्हणते. मग खुरपं आपसूक उथळ चालतं, वर आलेलं गांडूळ परत ओल्या मातीत जातं, उघडी पडलेली माती पालापाचोळ्याने झाकली जाते. इंचभर सुपीक माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, हे अशा वेळी खरं जाणवतं. ज्यांना सकाळचा श्लोक कोरडा वाटू लागलाय, त्यांनी हेही साधनेतच धरून पाहावं.