माल अडतो तो तपासणीच्या टप्प्यावर
संरक्षण खरेदीची दारे लहान कारखान्यांना बंदच आहेत, असे अनेकदा म्हटले जाते; ते मला पूर्णपणे पटत नाही, कारण २०२० पासून संरक्षण मंत्रालयाच्या 'सृजन' या संकेतस्थळावर, देशातच बनवता यावेत म्हणून, आयात होणाऱ्या सुट्या भागांच्या याद्या उपलब्ध आहेत. खरी कोंडी माल पोहोचल्यावर, तपासणीच्या टप्प्यावर होते, आणि भोसरीतल्या आमच्या कारखान्यानेही ती सोसली आहे. मात्र २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराच्या मालावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर तो पोहोचला त्याच दिवशी स्वीकारला गेल्याचे मानले जाते आणि पैसे देण्याची ४५ दिवसांची कमाल मुदत तेव्हापासूनच मोजली जाते. त्यापुढे रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. म्हणूनच खरेदीदार कितीही मोठा असला, तरी पोचपावतीवर तारीख आणि शिक्का आग्रहाने मागून घ्यावा.