धूर्त, मुत्सद्दी की धोरणी? नरसिंह रावांना कुठला शब्द लावायचा?

खानापूर : वाचनालयाच्या हस्तलिखितासाठी माजी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह रावांवर लिहितोय. एका वाक्यावर गाडी अडलीय : '१९९१ च्या आर्थिक संकटात रावांनी धूर्तपणे देश सावरला.' संपादक काका म्हणतात, 'धूर्त' काढ, 'मुत्सद्दी' घाल, आता भारतरत्न मिळालंय त्यांना. २०२४ मध्ये पदक मिळालं म्हणून १९९१ चा शब्द बदलतो होय? शेजारच्या कन्नड मास्तरांना विचारलं तर म्हणाले, 'शाण्या मनुष्य!' आता ते कसं छापू?

शहापूर, बेळगाव : 'धूर्त' मुळात शिवी नाही, निदान मराठीत सरसकट नव्हती. भीमरूपी स्तोत्र आठवा, 'धूर्त वैष्णव गायका'. रामदास मारुतीला धूर्त म्हणतात ते चतुर या अर्थानं. (काही छापील प्रतींत 'दूत' असा पाठ आहे, तो कुणाला तरी धूर्त खटकला म्हणून आला असावा असा मला संशय.) संस्कृतात मात्र धूर्त म्हणजे ठक, जुगारी, आणि आजची मराठी पुन्हा तिकडेच झुकलीय. आजचा वाचक 'धूर्तपणे' वाचून स्वतःची पोळी भाजून घेणारा माणूस डोळ्यांपुढे आणणार.

'मुत्सद्दी' अरबीतला. आधी अर्थ दफ्तरातला लिहिणारा, कारभारी. पुढे परदरबारात बोलणी करणारा. म्हणून त्याला समोर कुणीतरी लागतो. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी कर्जाची बोलणी झाली तिथं 'मुत्सद्दी' शोभेल. पण २४ जुलै १९९१ चा दिवस घ्या. उद्योगखातं रावांनी स्वतःकडे ठेवलेलं. अठरा उद्योग सोडून बाकी सगळ्यांचं लायसन्स रद्द करणारं धोरण लोकसभेत आलं, तेही राज्यमंत्री कुरियन यांच्या हातून. त्याच दिवशी मनमोहन सिंगांचा अर्थसंकल्प. दुसऱ्या दिवशी लोकांच्या तोंडी अर्थसंकल्प, उद्योगधोरण त्याच्या सावलीत. शिवाय पक्षातली जुनी मंडळी बिथरू नयेत म्हणून मसुद्याच्या सुरुवातीला नेहरू, इंदिराजी, राजीव यांचा वारसा मांडलेला. सरकार अल्पमतातलं, हे विसरू नका. याला मी 'धोरणी' म्हणेन.

निपाणी : धोरणी म्हणायला आधी धोरण लागतं की ओ. हा माणूस त्या निवडणुकीला उभाही नव्हता, दिल्लीतून बाडबिस्तरा आवरत होता. रुपयाचं अवमूल्यन दोन टप्प्यांत झालं, १ जुलैला साधारण नऊ टक्के आणि ३ जुलैला अकरा. पहिल्यानंतर रावांचा धीर सुटला, दुसरं थांबवा म्हणून निरोप गेला. तोवर रिझर्व्ह बँकेत डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन काम उरकून मोकळे झाले होते, असं सांगतात. फोन थोडा आधी लागला असता तर? वर देशाचं सोनंही विकलं.

शहापूर, बेळगाव : सोन्याचं नीट सांगा, दादा. मे महिन्यात २० टन स्वित्झर्लंडच्या बँकेला विकलं, परत घेण्याची मुभा ठेवून. तेव्हा चंद्रशेखर पंतप्रधान होते. जुलैत रावांच्या काळात ४७ टन गेलं ते गहाण, बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे. विकलं आणि गहाण ठेवलं यातला फरक आपल्या सराफ गल्लीत लहान पोरालाही कळतो. परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती, दुसरं काय करणार?

अवमूल्यनाला राव कचरले, हे मान्य. पण 'धोरणी' म्हणजे 'निधडा' नव्हे. कचरणारा माणूसही धोरणी असू शकतो. रंगराजन पुढं गेले म्हणून रावांनी त्यांच्यावर खापर फोडलं नाही, हेही बघा.

उद्यमबाग : माझे वडील फाउंड्रीत होते. बाहेरून यंत्राचा सुटा भाग मागवायचा तर आयात परवान्यासाठी महिनोन्महिने थांबायचे. ते रावांना म्हणायचे, 'आतल्या गाठीचा'. यात कौतुक आहे आणि सावधपणाही. १९९१ चं कौतुक खरं, तसंच बाबरी मशीद पडली तो १९९२ चा डिसेंबर आणि १९९३ चा अविश्वास ठराव, खासदार फोडल्याचा तो खटलाही खरा. (२००० मध्ये दोषी, २००२ मध्ये निर्दोष सुटले.) आणि एक, तुमच्या वाक्यात मनमोहन सिंग कुठं आहेत? 'रावांनी सावरला' म्हटलं की ते गायबच.

अवांतर : हे गृहस्थ फर्ग्युसनला शिकले, हरी नारायण आपट्यांची कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. 'धूर्त' वाचून त्यांना तुमच्याइतकं वाईट वाटलं नसतं.

खानापूर : ताई, पटलं. असं केलंय : '१९९१ च्या संकटात रावांनी अर्थखातं मनमोहन सिंगांकडे सोपवलं, त्यांना राजकीय आडोसा दिला आणि उद्योगधोरण धोरणीपणानं मार्गी लावलं.' 'धोरण' दोनदा आलं, म्हणून काका परत अडलेत.

शहापूर, बेळगाव : 'परवानापद्धत' घाला. 'धोरणीपणानं मोडीत काढली'. काकांना सांगा, 'मुत्सद्दी' नाणेनिधीच्या परिच्छेदात ठेवा.