तातडीचं: ऑस्ट्रेलियातल्या केअर कोर्सचे १२० तास बेळगावातच भरले तर चालतात का?

खानापूरची मावशी:
मंडळी, शुक्रवारी पैसे भरायचे आहेत म्हणून घाईनं लिहितेय. भाचीला मेलबर्नला म्हाताऱ्या-दिव्यांग माणसांची काळजी घ्यायच्या कामाला जायचंय, गणपतीत बोललो होतो ते. इथला एजंट म्हणतोय सर्टिफिकेट थ्री इन इंडिव्हिज्युअल सपोर्ट घरबसल्या ऑनलाइन होतंय, आणि जे १२० तासांचं प्लेसमेंट, म्हणजे कामाच्या जागी सराव असतो, ते इथल्याच वृद्धाश्रमात करून पत्र आणलं की काम झालं, मग थेट नोकरीवर जायचं. ८०,००० आत्ता, बाकीचे नंतर. पोरगी पीयूसी (बारावी) झालीय, आजोबा अंथरुणाला होते तेव्हा दोन वर्षं सगळं तिनंच केलं. भरू की नको तेवढं सांगा.

निपाणीकर, मेलबर्न:
मावशी, भरू नका. मी हेच काम करतो, आधी डिसॅबिलिटी म्हणजे दिव्यांगांकडं, आता एज्ड केअर म्हणजे म्हाताऱ्यांकडं. १२० तास म्हणजे नुसती हजेरी नव्हे हो. होइस्टनं, म्हणजे उचलायच्या यंत्रानं, माणूस खुर्चीत कसा घेता, स्लाइड शीट म्हणजे सरकवायची चादर घालून कुशीवर कसं वळवता, गिळायला त्रास असलेल्याला केअर प्लॅनमध्ये लिहिलंय तेवढंच दाट करून पाजता की नाही, हात लावायच्या आधी विचारता की नाही, शिफ्ट संपताना नोंद काय लिहिता, हे सगळं इथल्या कामाच्या जागी करून दाखवायचं असतं. एजंटला एकच विचारा, कोर्सचा क्रिकॉस कोड काय? परदेशी विद्यार्थ्यांना शिकवायची परवानगी असलेल्या कोर्सला तो असतोच आणि सरकारी यादीत कुणालाही बघता येतो. नुसत्या ऑनलाइन कागदावर कामाचा व्हिसा मिळत नाही. स्टुडंट व्हिसावर यायचं तर इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत ६.०, व्हिसा अर्जाची फी २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, व्हिसा नाकारला तरी ती परत नाही, आणि कॉलेज चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम. हे आधी घरच्यांना सांगा.

टिळकवाडीचे काका:
निपाणीकर म्हणतात ते ठीक आहे, खरं आधीचा अनुभव धरतात की. आमच्या पुतण्याचा धरला. म्हणजे एजंट अगदीच खोटं बोलत नाही. आणि मावशी, राग मानू नका, दुसऱ्याच्या म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढायला पोरगी एवढ्या लांब पाठवायची का? उद्या लग्नाचं बघताना लोक विचारणारच. तिला जीएनएम नर्सिंग करवा, इथंच.

निपाणीकर, मेलबर्न:
काका, पुतण्या इथंच एका केअर होममध्ये दोन वर्षं कामाला होता, मग त्यानं अनुभव दाखवला. कोर्स देणारी संस्था ते तपासते, पुरावे मागते, सुपरवायझरशी बोलते. खानापूरच्या पत्रावर ते होत नाही. आणि प्लेसमेंट कोण लावून देणार हे कोर्स घेतानाच लेखी घ्या. माझ्या वेळी संस्थेनं ‘तुझं तू शोध’ म्हणून हात वर केले, चार महिने दारोदार फिरलो, फी भरलेली, सर्टिफिकेट अडकलेलं. ते तास बिनपगारी असतात हेही धरून चाला.

शहापूरची वहिनी:
काकांना उत्तर देतेय. आमच्या सासूबाई मूळच्या धारवाडच्या, लग्न होऊन आल्यावर ५० वर्षं घरात मराठीच बोलल्या. विसरायला लागल्या तशी आधी मराठी गेली. रात्री उठून ‘नीर कोडव्वा’, पाणी दे गं, असं कन्नडमध्ये म्हणायच्या, माझ्या नणंदेला कळायचंच नाही, त्या चिडायच्या, ढकलायच्या. शेजारची कन्नड बाई येऊन दोन शब्द बोलली की गप्प झोपायच्या. त्यांना धुवायचं पुसायचं काम मी केलं, मला त्यात कमीपणा कधी वाटला नाही, आणि जी पोरगी हे शिकून करणार तिला कुणी कमी लेखू नये असं मला मनापासून वाटतं. मेलबर्नला पण इटालियन, ग्रीक म्हातारी माणसं अशीच इंग्रजी विसरून आपल्या भाषेवर येतात म्हणे. आपल्या सीमेवरच्या पोरांना दोन-तीन भाषांत वावरायची सवय असते, ती तिथं कामाला येईल.

निपाणीकर, मेलबर्न:
वहिनी, अगदी खरं. माझ्याकडच्या एका आजी इटालियनच बोलतात आता. मी २० शब्द शिकलोय, पाणी, दुखतंय का, थांबा. तेवढ्यानं आंघोळ शांतपणे होते.

विद्यार्थी मदत समिती:
असे प्रश्न आधी आमच्याकडे यावेत असं मागच्या सभेत ठरलं होतं, इथं चर्चा सुरू झाली की उलटसुलट माहिती पसरते. तरी राहिलेलं सांगतो. दिव्यांगांसोबत काम करायचं तर एनडीआयएस (तिथली दिव्यांगांसाठीची सरकारी योजना) वर्कर स्क्रीनिंग चेक, म्हणजे पार्श्वभूमीची तपासणी लागते, ती झाली की ५ वर्षं चालते. फर्स्ट एड लागतं, त्यातलं सीपीआर दरवर्षी नव्यानं करतात. घरोघरी जायच्या कामाला गाडी आणि लायसन्स बहुतेक मागतातच. पोरगी इथं असतानाच ड्रायव्हिंग पक्कं करून घ्या.

खानापूरची मावशी:
समितीला न विचारता लिहिलं, चुकलं, खरं शुक्रवार जवळ आला होता. कोड विचारला तर एजंट म्हणाला ‘नंतर देतो, आधी सीट बुक करा’. पैसे भरले नाहीत. आता पोरगी म्हणतेय आधी एक महिना इथल्या वृद्धाश्रमात रोज सकाळी जाऊन येते, पत्रासाठी नाही, परक्या माणसाचं आपल्याला जमतं का बघायला. काल पहिला दिवस होता. एका आजोबांना भरवायला दीड तास लागला, घरी येऊन न जेवताच झोपली, आज परत पाचची बस धरून गेली. वहिनी, अंथरुणावरच्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलायची तर उशी नेमकी कुठं लावायची, ते तिला फोनवर सांगाल का? रात्री आठनंतर रिकामी असते ती.